लाल दोरा, पिवळा दोरा

तुम्ही एक्केचाळीस कागद रद्दीच्या टेम्पोत घातले आणि त्यांतला एकही उघडून पाहिला नाही. हे आधी कबूल करा, पुढचं मग बोलू. तुमच्या आदेशावर तीन सह्या आहेत, जावक क्रमांक आहे, गोल शिक्का आहे. पाहिल्याची खूण तेवढी नाही. आणि ज्या बाईनं ते कागद एकतीस वर्षं सांभाळले तिचं नावही त्यात नाही. 'हंगामी कर्मचारी' एवढंच आहे. तर त्या हंगामी कर्मचाऱ्याचं काय झालं ते बसून ऐका. तिचं ऐकलं नाहीत, निदान हे तरी वाचा.

तिचं नाव प्रमोदिनी सेलूकर. राहणार पुंडलिकनगर, एक खोली आणि ओटा. १९९३ साली शहरातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र विभागाला शिवणारं माणूस हवं होतं. वाळवलेली फांदी जाड पांढऱ्या कागदावर डिंकानं चिकटवली तर दोन पावसाळ्यांत सुटते. दोऱ्यानं टाके घालून शिवली तर माणसापेक्षा जास्त टिकते. प्रमोदिनीचं शिक्षण बारावी, पण हात सुईवर बसलेला. देठाला बारीक टाका घालायचा, गाठ कागदाच्या मागे न्यायची आणि पान तडकू द्यायचं नाही. पहिल्याच दिवशी तिनं कडुलिंबाची डहाळी अशी शिवली की विभागातले वैजनाथ सर कागद उलटा धरून म्हणाले, "पडत नाही हो. बाई, तुम्ही उद्यापासून या."

वैजनाथ सरांचं खूळ निराळं होतं. समुद्र इथून रात्रभराच्या प्रवासावर, आणि हा माणूस खारफुटीच्या नादी लागलेला. स्टाफरूममध्ये लोक म्हणायचे, "सर, खाम नदीत लावा की तुमची झाडं, खारं सोडून सगळंय तिच्यात." सर हसायचे, आणि दिवाळीची नाहीतर मे महिन्याची सुट्टी लागली की पत्र्याची पेटी घेऊन कोकणच्या गाडीत बसायचे.

त्यातही त्यांचा जीव एकाच झाडावर. खाडीच्या काठाला वाढणारं, चाफ्यासारख्या पांढऱ्या फुलांचं, हिरव्या कैरीसारख्या फळाचं. फांदी मोडली की दुधासारखा चीक येतो. फळातली बी पोटात गेली तर काळीज बंद पडतं. आपल्या रस्त्यांच्या दुभाजकांवर पिवळ्या फुलांची बिट्टी असते ना, तिच्याच घराण्यातलं. आता या झाडाच्या दोन जाती. एकीच्या पांढऱ्या फुलात मधोमध लाल डोळा, दुसरीच्या फुलात पिवळा. फळ लागेपर्यंत बाकी सगळं उन्नीस-बीस. पान तेच, साल तीच, चीक तोच. खाडीकाठची माणसंसुद्धा दोन्हींना एकाच नावानं हाक मारतात.

आणि खरी गोम पुढं आहे. फांदी तोडून कागदात दाबली की दोन दिवसांत डोळा विझतो. लाल जातो, पिवळाही जातो, फूल चहाच्या डागासारखं तपकिरी होतं. फांदी इथवर येईपर्यंत ती कुठल्या डोळ्याची होती हे नुसतं बघून देवालाही सांगता यायचं नाही. म्हणून सरांनी रीत पाडली होती. खिशात दोन रिळं. फूल ताजं असताना डोळा बघायचा आणि फांदी तोडण्याआधी देठाला त्या रंगाचा दोरा बांधायचा. लालला लाल, पिवळ्याला पिवळा. इथं आल्यावर प्रमोदिनीबाईंनी तो दोरा बघायचा आणि त्याच रंगाच्या दोऱ्यानं फांदी कागदावर शिवायची. शाई उडते, कागद पिवळा पडतो, पण पक्क्या रंगाचा दोरा कपाटाच्या अंधारात तसाच राहतो. कागदाच्या कोपऱ्यात गावाचं नाव, खाडी, तारीख, क्रमांक. जातीची जागा सर कोरी ठेवायचे. म्हणायचे, "सगळे जमले की एकदाच बसून लिहू. घाई कशाला?"

ती शिवायची आणि ऐकायची. पुस्तकं उघडी पडलेली असायची, ती वाचायची. दहा वर्षांत तिला जे कळत होतं ते एमएस्सीच्या पोरांना कळत नव्हतं. पण तिनं ती झाडं उभी कधी पाहिली नाहीत. सरांनी एकदा सहलीबरोबर चला म्हटलं होतं, तर वडील म्हणाले, लग्न न झालेली मुलगी परगावी मुक्कामाला जाणार नाही. पुढं वडील गेले, लग्न झालंच नाही, आणि सहल पुन्हा कुणी काढली नाही. समुद्र तिच्यासाठी कपाटाच्या दोन कप्प्यांत होता, चोवीस आणि पंचवीस नंबरच्या.

आता २००९ चा मे महिना ऐका, कारण सगळं तिथं अडलं.

त्या वर्षी सरांची दोन्ही रिळं खाडीकाठीच संपली. देवळाबाहेरच्या दुकानात दुसरं काही मिळेना म्हणून त्यांनी पूजेचा नाडा घेतला. लाल आणि पिवळा एकाच दोऱ्यात, टप्प्याटप्प्यानं रंगवलेला. त्यांनी लाल टप्पा कापून लालला बांधला, पिवळा कापून पिवळ्याला. डोकं चांगलं चाललं. पण परत येताना होडीत पाणी आलं आणि पेटी भिजली. पूजेच्या नाड्याचा रंग कच्चा. लाल रंग सुटला आणि पिवळ्यावर बसला. पेटी इथं आली तेव्हा सहा फांद्यांच्या देठांना सहा तुकडे होते, सगळे केशरी, कुठं जास्त लाल, कुठं कमी. आणि सर काविळीनं दवाखान्यात, ग्लानीत.

थांबता आलं असतं. पण कॉलेजला दर्जा देणारी तपासणी आठ दिवसांवर आलेली. तेव्हाचे विभागप्रमुख दारात उभं राहून म्हणाले, "बाई, कप्पा रिकामा दिसता कामा नये. शिवा आणि ठेवा."

"सरांना विचारून शिवते."

"सर शुद्धीवर आल्यावर विचारा. तपासणी झाल्यावर."

तिनं सहा तुकडे उजेडाला धरले. अंदाज केला. तीन लाल दोऱ्यानं शिवले, तीन पिवळ्या. नाड्याचे ओले तुकडे त्याच दिवशी कचऱ्यात गेले. महिन्यानं सर बरे होऊन आले, कप्पा उघडला, सहाही कागद एकेक करून पाहिले आणि म्हणाले, "वा. नाडा भिजला होता, मला वाटलं घोळ होईल. तुम्ही बरोबर ओळखलंत." तिच्या तोंडात शब्द आला होता. पण सरांचा चेहरा इतका निर्धास्त होता की तो शब्द तिनं गिळला. त्यानंतर आठ वर्षं सर रोज तिच्यासमोर बसून चहा प्यायचे आणि ती रोज तो शब्द गिळायची. २०१७ साली सर गेले. जातीची जागा एक्केचाळीस कागदांवर कोरीच राहिली.

मग सुरू झालं एकटेपण. त्याला दुसरं नाव नाही. व्हरांड्याच्या टोकाची खोली, आत बारा लोखंडी कपाटं आणि डांबरगोळ्यांचा वास. तो वास साडीला, केसांना, पोळीच्या डब्याला. शहर बसमध्ये शेजारची बाई नाकाला पदर लावून दुसऱ्या सीटवर जायची. पुतणी मृण्मयी लग्नाचं आमंत्रण द्यायला आली होती, ती हळूच म्हणाली, "आत्या, त्या दिवशी नवीन साडी नेस हं. कपाटातली नको." प्रमोदिनीनं नवीन घेतली. दोन दिवस खोलीत टांगून ठेवली, तर तिलाही तोच वास लागला. लग्नात ती मागच्या रांगेत, खिडकीजवळ बसली.

सर गेल्यानंतरच्या आठ वर्षांत तिला कुणी एकदाही विचारलं नाही, बाई, हे झाड कोणतं? तिला उत्तर येत होतं. प्रश्नच कुणी आणला नाही.

आणि गेल्या वर्षी तुमचा आदेश आला. तीन कॉलेजं एक केली, खोली संगणकांना हवी. वनस्पतींचे कागद दोन वाटांनी जाणार: ज्यांवर जातीचं नाव आणि जाणकाराची सही आहे ते पुण्याच्या मोठ्या संग्रहात, ज्यांची ओळख अपूर्ण ते फोटो काढून रद्दीत. फोटो काढायला श्रेया नावाची मुलगी आली. पोरगी भली होती. कागद नीट धरायची, काकू काकू करायची. तिच्या पडद्यावर चोवीस नंबरचा कप्पा दिसला तेव्हा प्रमोदिनी खुर्चीवरून उठली.

"श्रेया, रंग कुठं गेला?"

"काकू, काळं-पांढरंच काढायचं सांगितलंय. रंगीत फाईल मोठी होते."

"अगं, दोऱ्याच्या रंगातच सगळं आहे."

श्रेयानं पडद्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं. "मला कुणी बोललंच नाही, काकू. कागदावर तर कुठं लिहिलेलं नाही."

ते खरं होतं. कुठंच लिहिलेलं नव्हतं. रीत दोन माणसांच्या डोक्यात होती, त्यातलं एक गेलं होतं.

नवा विभागप्रमुख हिमांशू हा सरांचा शेवटचा विद्यार्थी. मनानं वाईट नाही, पण दोन वाक्यांत एकदा वरच्या साहेबांकडे बघणारा. प्रमोदिनीनं त्याला खोलीत बोलावलं, दोऱ्यांची रीत सांगितली. तो कागदांवरून बोट फिरवत राहिला.

"बाई, म्हणजे ओळख झालेलीच आहे. फक्त लिहिलेली नाही."

"व्हय. तुम्ही सही केली तर पुण्याला जातील."

"करतो की. पण समितीत मला विचारणार. दोरा शंभर टक्के खरा आहे ना? एक्केचाळीसच्या एक्केचाळीस?"

ओठांवर हो आलं होतं. एवढं एक हो म्हटलं की सर सुटले असते, कागद सुटले असते, ती सुटली असती. ती म्हणाली, "सोमवारी सांगते."

त्या रविवारी ती सकाळीच कॉलेजात गेली. शिपाई गोकुळ फुलंब्रीहून येतो, त्याला तिनं किल्लीसाठी आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. सुट्टीच्या दिवशी आल्याबद्दल तो कुरकुरला नाही. फक्त म्हणाला, "बाई, आता कशाचा अभ्यास लावलाय? जूनला तुमचंबी संपलं, कपाटांचंबी संपलं."

"एक चूक काढायचीय."

"पंधरा-सोळा वर्सांनी? लई धीराची बाई बगा तुम्ही."

वाळलेलं फूल ओळखायची एक रीत आहे. ते उकळत्या पाण्यात सोडायचं. पाच मिनिटांत ते मऊ होतं, फुगतं, दाबून चपटी झालेली नळी पुन्हा आकार धरते. रंग येत नाही, आकार येतो. लाल डोळ्याच्या फुलाची नळी सडपातळ, सरळ. पिवळ्याची आखूड आणि वर नरसाळ्यासारखी पसरत गेलेली. पण एकदा उकळलं की ते फूल गेलं, आणि प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यातल्या पाकिटात फार तर एक-दोन गळलेली फुलं होती. म्हणून सरांनी ही रीत कधी वापरली नाही. दोरा होता ना.

तिनं विजेची किटली आणली होती. झाड विषारी, म्हणून किटलीच्या बुडाला लाल रंगानं फुली मारलेली. वाटीत उकळतं पाणी, त्यात पहिलं फूल. गोकुळ दारात उभा.

"चहा व्हईल काय ह्याचा?"

"शेवटचा होईल."

गोकुळ दोन पावलं मागं सरकला.

पहिलं बरोबर. दुसरं बरोबर. तिसरं, चौथं बरोबर. पाचव्याला पाच मिनिटं झाली, सात झाली. तिनं चिमट्यानं ते वर उचललं आणि खिडकीपाशी नेलं. नळी आखूड, तोंडाशी पसरलेली. कागदावर लाल दोरा होता. तिनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग सहावं टाकलं. ते बरोबर निघालं.

पाच खरे, एक खोटा. तिनं त्या कागदाचा लाल दोरा उसवला. टाके इतके पक्के होते की कात्री लावावी लागली. पिवळा दोरा ओवला, त्याच भोकांतून फांदी पुन्हा शिवली, आणि खाली पेन्सिलीनं लिहिलं: आधी चुकून लाल दोऱ्यानं शिवलं होतं. फूल उकळून पाहिलं. तारीख, सही. सरांची खुर्ची समोर होती. गिळलेला शब्द अखेर बाहेर पडला, पण ऐकायला दारात फक्त गोकुळ होता. तो विचारत होता, "सापडली का?"

सोमवारी तिनं हिमांशूला सगळं सांगितलं. तो डोकं धरून बसला. "बाई, हे समितीत बोलायची गरज नाही. आता तर दुरुस्त झालंय."

"कागदावर लिहिलंय मी."

"पेन्सिलीनं लिहिलंय ना?"

हे बोलून त्यानंच मान खाली घातली.

आता तुमची बैठक. तुम्ही विसरला असाल, म्हणून सांगावं लागतंय. लांब टेबल, तीन खुर्च्या, बिस्किटांची बशी. एक्केचाळीस कागद दोन गठ्ठ्यांत टेबलाच्या कडेला. तुमच्यापैकी मधल्यांनी विचारलं, "मॅडम, दोन्ही विषारीच ना? मग एकच समजा. फरक काय पडतो?"

ती म्हणाली, "साहेब, तुम्ही तिघंही साहेबच आहात. म्हणून काही हजेरीवर एकच नाव लिहीत नाही आपण."

डावीकडचे हसले. मधले हसले नाहीत.

मग तिनं सांगितलं की यांतले बरेच कागद ज्या खाडीचे आहेत तिथं आता भराव टाकून रस्ता झालाय. लाल डोळ्याचं झाड तिथं उभं होतं याचा पुरावा म्हणून हे कागद उरलेत, दुसरं काही नाही. तुम्ही घड्याळ बघितलंत. मग हिमांशूनं दोऱ्यांची रीत समजावली. थोडा चाचरला, पण समजावली. आणि तुम्ही विचारलंत, "ही दोऱ्याची पद्धत खात्रीची आहे?"

हिमांशूनं तिच्याकडे पाहिलं.

"पस्तीस कागदांची खात्री आहे," ती म्हणाली. "सहा पूजेच्या नाड्याचे होते, रंग सुटला होता, ते मी अंदाजानं शिवले. सरांना सांगितलं नाही. रविवारी सहाही फुलं उकळून पाहिली. पाच बरोबर होते, एक चुकला होता. तो सुधारलाय. आता एक्केचाळीसची खात्री आहे."

"म्हणजे चूक झाली होती."

"झाली होती."

"म्हणजे पद्धतीत चूक होऊ शकते."

"पद्धतीत नाही. माझ्या हातून झाली, सहा कागदांत. ते सहाही मी तपासलेत."

"आणि बाकीचे पस्तीस तपासलेत?"

तेव्हा तिनं पिशवीतून किटली काढली. टेबलावर ठेवली, बिस्किटांच्या बशीशेजारी. "तुम्ही निवडा," ती म्हणाली. "कोणताही कागद. मी दोऱ्याकडे बघून आधी जात सांगते, मग फूल उकळते. पाच मिनिटं लागतात. चुकले तर सगळे रद्दीत घाला, मी स्वतः टेम्पोत भरते."

पाच मिनिटं. तुमच्यापैकी कुणी हात पुढं केला नाही. डावीकडचे म्हणाले, "मॅडम, हा स्वयंपाकाचा वर्ग नाही." आता मधलेही हसले. हिमांशू खिडकीबाहेर बघत होता. आणि तुम्ही शेरा लिहिलात: संबंधित कर्मचाऱ्याने चूक मान्य केल्यामुळे सर्व एक्केचाळीस नमुन्यांची ओळख अविश्वसनीय.

किटलीचं बटणसुद्धा दाबलं गेलं नाही. तिनं वायर गुंडाळली, किटली पिशवीत घातली, दरवाजा हळू ओढून घेतला. व्हरांड्यात गोकुळ होता. त्यानं तोंडाकडे बघून विचारलंच नाही. म्हणाला, "चला, बसस्टॉपपर्यंत येतो." आणि आला. एकतीस वर्षांत तिला बसस्टॉपपर्यंत सोडायला आलेला तो पहिलाच माणूस.

टेम्पो पुढच्या बुधवारी आला. रद्दीवाल्यानं वास घेऊन तोंड वाकडं केलं, पण नेले. पिवळ्या दोऱ्यानं नव्यानं शिवलेला कागद, पेन्सिलीच्या सहीचा, सगळ्यात वर होता, असं गोकुळनं सांगितलं. ती तिथं नव्हती. तिला त्या दिवशी येऊ नका म्हणून कळवलं होतं. जूनअखेर तिचं कामही संपलं. आता ती पुंडलिकनगरच्या खोलीत असते. साडीला वास अजून आहे. दुभाजकावरच्या बिट्टीपाशी थांबून ती फुलाच्या नळीत बघते, आणि मागचे हॉर्न वाजवतात.

दुसऱ्या कपाटांतले अकराशे कागद मात्र वाजतगाजत पुण्याला गेले. त्यांच्यावर नावं होती, सह्या होत्या. त्यांतल्या किती कागदांचं फूल कुणी पाण्यात घातलं होतं? किती जणांनी खाली लिहिलं होतं की माझं चुकलं? तुमच्या हिशेबानं ज्यानं तपासलं तो अविश्वासू, आणि ज्यानं कधी कपाट उघडलं नाही त्याचं सगळं खरं.

म्हणून विचारतो, आणि जावक क्रमांकासह उत्तर द्या. एक्केचाळीसही कागदांवर क्रमांक होते, काळ्या-पांढऱ्या फोटोंत ते अजून दिसतात. तिनं सुधारलेला एक सोडा. नाड्याचे पाच सोडा. उरलेल्या पस्तीसांतला कोणता कागद चुकीचा होता? क्रमांक सांगा.